मिठाच्या पाण्यात मावेल तेवढी हवा

मत्स्यालयात गोड्या पाण्याच्या टाक्या ती सांभाळायची आणि खाऱ्या पाण्याच्या तिचा नवरा. म्हणून तिचं नाव पडलं गोडबाई आणि त्यांचं खारेबुवा. खरं तर उलट हवं होतं. जिभेला धार हिच्या, आणि ते म्हणजे नुसतं लोणी.

मग खारेबुवांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. त्यांच्या जागी माणूस देतो देतो म्हणत कुणी दिला नाही आणि खाऱ्या टाक्याही गोडबाईच्याच गळ्यात पडल्या. नवऱ्याची अंघोळ, औषधं उरकून, त्यांना शेजारणीच्या भरवशावर सोडून निघायचं, दिवसभर ओल्या फरशीवर उभं राहायचं. संध्याकाळी घराचा जिना चढताना तिला वाटे, इथेच बसावं आणि कुणी उठवू नये.

सगळ्यांत मोठ्या खाऱ्या टाकीत आजोबा राहायचे. आजोबा म्हणजे खालचा ओठ पुढे काढून तळाशी बसणारा एक जाडा, करडा मासा. खारेबुवांनी तो बोटाएवढा असल्यापासून वाढवलेला. ती घरी आली की खारेबुवा डोळ्यांनीच विचारत. ती म्हणे, "आहेत हो. तुमचे आजोबा ठणठणीत आहेत." ह्या एका वाक्यावर नवऱ्याचा दिवस निघतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी आजोबांच्या टाकीचा एक हवेचा पंप बंद पडला. बदली पंप तळघरात होता. तो वर आणायचा म्हणजे जीव जायचा. तिने आपलं ऑक्सिजनचं मीटर पाण्यात बुडवलं. आकडा चांगला होता. उद्या बघू, म्हणाली. दुपारी आजोबा वर येऊन पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडमीट करू लागले. तिने पुन्हा मोजलं. आकडा चांगलाच. "म्हातारपणी नाटकं सुचतात," असं त्यांना सुनावून ती घरी आली, पण जिना चढताना पाय जास्तच जड झाले होते.

जेवताना ते रोजचं वाक्य तिच्या तोंडून निघेना.

"पंप बंद पडलाय," ती शेवटी म्हणाली. "मीटर म्हणतंय हवा भरपूर आहे, आणि तुमचे आजोबा वर येऊन धापा टाकतायत. मी एकटीने काय काय बघू, सांगा!"

खारेबुवांनी डाव्या हाताने मिठाची बरणी तिच्याकडे सरकवली.

"मीठ बरोबर आहे हो भाजीत."

त्यांनी ती पुन्हा ढकलली. बरणी कलंडली, मीठ टेबलभर झालं.

"झालं! आता हे कुणी पुसायचं?" ती फडकं घेऊन उठली. खारेबुवांनी त्या मिठात बोट रोवलं, तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडमीट केलं. अगदी आजोबांसारखं.

फडकं तिच्या हातातच राहिलं. वाचा असताना हेच ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवून कान किटवायचे: "मीठ म्हणजे लग्नघरातला मानाचा पाहुणा. सगळं पाणी त्याच्याच सरबराईत गुंततं, मग हवेला कोण विचारतो? म्हणून खाऱ्या पाण्यात हवा कमी मावते." आणि तिचं मीटर जन्मभर गोड्या पाण्यातलं. पाणी खारं आहे हे त्याला तिने सांगितलंच नव्हतं. ते आपलं गोड्या पाण्याच्या हिशेबाने फुगवून आकडा दाखवत बसलं.

ती तशीच उष्ट्या हाताने निघाली. मत्स्यालयाच्या पहारेकऱ्याला हाताशी घेऊन तळघरातला पंप वर आणला, जोडला आणि काचेला कपाळ टेकवून उभी राहिली. बऱ्याच वेळाने आजोबा हळूहळू खाली सरकले.

परत आली तेव्हा खारेबुवा त्याच खुर्चीत, सांडलेल्या मिठासमोर जागे होते.

"तळाशी बसलेत. ओठ काढून," ती म्हणाली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिच्याही. इतके महिने ती ह्या माणसाशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं बोलत होती. खरोखरचं असं एकदाही काही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली.

तिने पिशवीतून मीटर काढून त्यांच्यापुढे ठेवलं.

"खाऱ्या पाण्यासाठी कुठलं बटण दाबायचं, ते दाखवा."

डाव्या हाताचं बोट निघालं, बटण चुकून पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. तिने हात लावला नाही. कमालीची दमली होती, पण खुर्ची ओढून थांबून राहिली.