सुमनताईची बोटं

मंडळी, नाशिकच्या दवाखान्यातून लिहितोय. एका जागी बसवत नाहीये.

आज सकाळी सूर्यमाळला गवत कापताना माझ्या मोठ्या बहिणीचा, सुमनताईचा पाय घसरला आणि विळा डाव्या कोपराच्या आत घुसला. रक्त थांबेना. लुगड्याची पट्टी घट्ट बांधून पाड्यावरून रस्त्यापर्यंत तिला झोळीत आणली, मग जीपने मोखाड्याच्या दवाखान्यात.

डॉक्टरांनी तिची बोटं दाबून पाहिली. "मुख्य रक्तवाहिनी तुटलीय. सहा तासांत जोडली नाही तर हात जाईल. नाशिक गाठा."

वाटेत ताई एवढंच म्हणाली, "एका हातानं नागली कशी कापायची रं?"

पोचलो तेव्हा साडेचार तास झाले होते. सर्जननी तिच्या पायातली शीर काढून हातात जोडली.

मघाशी ते बाहेर आले. "रक्त सुरू झालंय. दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल."

मी आत जाऊन तिची बोटं धरली. कोमट होती. तेव्हापासून तीनदा आत जाऊन पुन्हा पाहून आलो. चौथ्यांदा नर्सबाई रागावल्या.

तुमच्या पाड्यापासून असा सर्जन किती तासांवर आहे? खरंच सांगा.