साडेबाराचा कॉल

मैत्रिणींनो, आज जरा चिडूनच लिहितेय.

दर रविवारी दुपारी साडेबाराला आम्हा चौघी वर्गमैत्रिणींचा व्हिडिओ कॉल असतो. लंडनची रूपा त्याआधी उठत नाही, मेलबर्नच्या सुजाताला त्यानंतर स्वयंपाक असतो. दुबईच्या नीताला कधीही चालतं. चौथी मी, इथे कोकणात, कसालला.

साडेबाराला माझे बांगडे तव्यावर असतात आणि घरातली माणसं पानांवर. आज धीर करून म्हटलं, "चार वाजता बोलूया काय गो?"

रूपा हसली. "तुका काय, तू घराकच आसस!"

तेवढ्यात सासऱ्यांची हाक आली, "जेवाक वाढतंस मां गो?"

फोन तांदळाच्या डब्याला टेकवून मी वाढायला गेले. वीस मिनिटांनी परतले तर फोन उताणा पडलेला. माझ्या जागी छपराची कौलं दिसत होती आणि तिघी कौतुकाने बघत होत्या. "अजून कौलां आसत गो तुमची! बघून बरा वाटला."

मी कुठे गेले होते, हे कुणी विचारलं नाही.

आता ग्रुपवर लिहिलंय, 'पुढच्या रविवारी चार वाजता.' तिघींनी वाचलंय. एवढंच.

तुमच्या ग्रुपातही 'घराकच' असलेली कुणी असेल. तिला कधी तिच्या सोयीची वेळ विचारलीत?