कोपऱ्यातला हत्ती

देवकीताईंना आमच्या ऑफिसात घेतलं ते ऱ्हस्व-दीर्घ पाहायला. आम्ही नागपुरात शाळेच्या पोरांसाठी बुद्धिबळाचे मराठी धडे बनवतो. मोबाइलवर चाल खेळली की बरोबर का चूक ते लगेच कळतं. चित्रं माझी. ताई उमरेडच्या रिटायर मास्तरीण. लिहिणं शुद्ध, बोलणं पक्कं तिकडचं.

पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "हे प्यादं दोन घरं काहून गेलं? चूक आहे." चूक त्यांचीच होती. त्यांचे वडील बाबाराव हातमागावर बसत आणि जुन्या देशी नियमांनी खेळत. त्यात प्यादं एकच घर चालतं. अख्खं ऑफिस हसलं. मीही हसले, त्याची आजही लाज वाटते. आमचा मालक अंकित म्हणाला, "ताई, तुम्ही वेलांट्या पाहा. डावात पुन्हा हात घातला तर आपलं जमणार नाही."

मग आला एक्केचाळिसावा धडा. सोमवारी सगळे धडे चाळीस शाळांत जाणार होते. पटावर काळ्याचा एकटा राजाच उरलाय, पांढरं प्यादं कोपऱ्याच्या घरात पोचतं, त्याचं काय कराल? ताईंनी सवयीनं हत्ती केला. बाबारावांच्या खेळात प्यादं ज्याच्या घरात पोचेल तेच मोहरं व्हायचं, आणि कोपरा हत्तीचा. लाल फुली आली. मग वजीर केला. 'शाब्बास, डाव जिंकला!'

दुसरं कुणी पुढं गेलं असतं. ताई बसून राहिल्या.

"भूमिका, इकडे ये वं. हा काळा राजा आता कुठं जाईल?"

मी आठही घरं पाहिली. कुठंच नाही.

"त्याले शह आहे का?"

नव्हता.

"मग जिंकलो कसे? शह नाही, चाल नाही, म्हणजे डाव बरोबरीत सुटला. हत्ती केला तर राजाले दोन घरं मोकळी राहतात, डाव चालतो, अन् आपण जिंकतो."

"जाऊ द्या ना ताई, नोकरी जाईल."

"जाऊ दे. पण जिंकलेला डाव कसा घालवायचा, हे आपण पोराईले शिकवून राहिलो."

त्या तडक अंकितकडे गेल्या, मी मागोमाग. त्यानं मान वर न करता विचारलं, "पुन्हा उमरेडचे नियम का?"

"माझे नको भाऊ, तुमचेच घ्या. काळ्याची एक चाल करून दाखवा."

अंकितनं राजा हलवला. आमच्याच प्रोग्रॅमनं परत आणून बसवला. दुसऱ्या घरात, परत. आठ वेळा! आठव्या वेळी त्याचे कान लाल झाले होते आणि मला इतका आनंद झाला होता की हसू दाबायला मी खोकत होते.

शेवटी तो म्हणाला, "ताई, सोमवारच्या आत बाकीचे सगळे डाव पाहून द्याल?"

"देईन ना," ताई पदर खोचत म्हणाल्या. "पण मग वेलांट्या तुम्ही पाहा."

शनिवारी अंकित ताईंच्या खुर्चीत शब्दकोश घेऊन बसला होता, आणि ताई त्याच्या केबिनमध्ये.