आत्याचं मौन आणि न्यूटचं भिंग

माझ्या आत्याला बोलायला विषय लागत नाही, समोर माणूसही लागत नाही. डब्याचं झाकण बसेना तर ती झाकणाशीच भांडते. अशा बाईला नोकरी कुठे मिळावी? उघड्या बशीवर तोंड उघडायची बंदी असते तिथे!

प्रयोगशाळेत ती न्यूटच्या डोळ्यांवर काम करते. न्यूट म्हणजे शेपटी न गळालेला बेडूकच समजा. डोळ्यातलं भिंग काढून टाकलं तरी पठ्ठ्या नवं तयार करतो, तेही बाहुलीभोवतीच्या रंगीत कड्याच्या वरच्या काठातून. खालचा काठ नुसता बसून असतो. "तुझ्या काकासारखा," इति आत्या. हे काठ कापून काचेच्या बश्यांमध्ये, पोषक द्रवात ठेवायचे आणि भिंग धरतंय का ते बघायचं, हे तिचं काम.

तीनदा बश्यांत बुरशी आली. प्रयोगशाळेचे प्रमुख, म्हणजे आत्याचे सर, नाकातून म्हणाले, "बाई, त्याचं काय आहे... बुरशी हवेतून येते. आणि हवा... तुमच्या तोंडातून. चौथ्यांदा आली तर तुम्ही बश्या धुवायला."

"आठ वर्षं सुरी धरलेल्या हातात घासणी देतोय मेला!" आत्या घरी कडाडली. पण दुसऱ्या दिवसापासून कामावर चिडीचूप. दिवसभर साठलेलं सगळं संध्याकाळी आमच्या डोक्यावर.

सरांनी मोत्यासारख्या अक्षरात झाकणांवर 'वरचा', 'खालचा' लिहिलं. "झाकणाचा काय भरवसा? आज इथे, उद्या तिथे," असं आम्हाला सांगून आत्याने गुपचूप प्रत्येक बशीच्या बुडाशीही लिहून ठेवलं.

महिना झाला, बुरशी नाही. सरांनी कौतुकाने पाहुणे आणले, चार बश्या स्वतः उघडून दाखवल्या, स्वतःच झाकल्या.

दुसऱ्या दिवशी आत्याने त्यातल्याच दोन बश्या उघडल्या. सरांनी झाकणावरचं 'खालचा' वाचलं, सूक्ष्मदर्शकात डोळा घातला आणि किंचाळले, "खालच्या काठाला भिंग! बाई, जगात पहिल्यांदा!" फोन उचलून मोठ्या साहेबांचा नंबर फिरवायला लागले.

बश्या उघड्या, म्हणून आत्याचं तोंड बंद. ती चौकातल्या पोलिसासारखे हात हलवत होती.

"कळतंय, कळतंय. मलाही भरून आलंय," सर म्हणाले.

आत्याने बश्या झाकल्या, एक उचलली आणि थेट सरांच्या नाकावर धरली. बुडाशी तिच्या कोंबडीछाप अक्षरात: 'वरचा'.

सरांनी फोन ठेवला. "त्याचं काय आहे..." म्हणाले, आणि काय आहे ते आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुचेना. "बाई, बोला ना काहीतरी!"

आत्याने दोन्ही झाकणं दाबून बघितली. मग बोलली. सरांचं जेवण राहिलं त्या दिवशी.

संध्याकाळी ती घरी गप्प. आईने घाबरून कपाळाला हात लावून पाहिला.

सुरी अजून आत्याच्याच हातात आहे. बश्या उघड्या असताना आता सरांनीही तोंड मिटायचं, आणि झाकणाला हात लावायचा नाही.