चव सांगणाऱ्या अक्का

अक्का सांबार आधी नाकाने खात. वाटी उचलून डोळे मिटत, लांब श्वास घेत आणि मगच इडलीला हात लावत. बेंगळुरूच्या यशवंतपुरातल्या आमच्या त्या उभ्याने खायच्या हॉटेलात सगळे घाईत असत. ही सत्तरीची बाई मात्र निवांत. खाऊन झालं की स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन आचारी भट्टांना कन्नडमध्ये सांगत, "आज हिंग पुढं पळालाय." भट्ट मान डोलावत. दुसऱ्या दिवशी हिंग बेताचा असे.

मी नोकरीसाठी पुण्याहून नवीन आलेली. फोनवर आईशी बोलत होते, ते त्यांनी ऐकलं. "अगं, तू आमच्यातलीच की!" त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत. "आमची मराठी इथल्या पाण्यात शिजलीय, स्वल्प सांभाळून घे," म्हणाल्या. तेव्हापासून ऑफिसची कॅब येईपर्यंत मी त्यांच्याच टेबलाशी. मोबाइल बघत खाल्लेलं त्यांना खपत नसे. तो उलटा ठेवून म्हणत, "वडा वाट बघत नाही. अर्धा कुरकुरीत खा, अर्धा बुडव."

एका पावसाळ्यात ताप आला म्हणून त्या पंधरा दिवस आल्या नाहीत. परतल्या त्या दिवशी सांबार तळाला लागलं होतं. शेजारचे लोकही नाक मुरडत होते. अक्का खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "सरी, सगळं ठीक आहे."

"अक्का, करपलंय," मी हळूच म्हटलं.

त्यांनी मला खिडकीपासून बाजूला घेतलं. मग म्हणाल्या, "मला काही कळत नाही गं. वास नाही, चव नाही. कापूस चावल्यासारखं वाटतं. घरी बोलले नाही. भट्टांना तर कसं सांगू? ते माझ्या जिभेवर विसंबतात."

मग मी चव घेऊन मराठीत पुटपुटायची आणि अक्का ते कन्नडमध्ये सांगायच्या. भट्टांना मराठी येत नव्हती. आठवडाभर निभावलं. एक दिवस खारट चटणीवर मी सांबाराचा घोट घेतला आणि घाईघाईत "मीठ कमी" म्हणून मोकळी झाले. भट्टांनी अख्ख्या पातेल्यात मीठ घातलं. लोक वाट्या परत करू लागले. मालक भट्टांवर ओरडले.

मी पुढे झाले, तर अक्कांनी हात धरून मला मागे ओढलं. स्वतः मालकांसमोर उभ्या राहिल्या. "भट्टांची चूक नाही. माझी जीभ गेलीय आणि मी ती आहेसं दाखवत राहिले."

भट्ट पळी ठेवून खिडकीतून वाकले. मग त्यांनी विचारलं, "अक्का, गरम-गार कळतं ना?"

"कळतं."

"मग तुम्हाला रोज वाफेवरची इडली देतो."

चव परत आली नाही. अक्का मात्र येत राहिल्या, गरम इडली मन लावून खात राहिल्या. गेल्या वर्षी त्या मुलाकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, व्हाइटफील्डला राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी भट्ट हात पुसत पहिल्यांदाच बाहेर आले.

आता रविवारी मी हॉटेलात असतानाच त्यांचा फोन येतो. "कसं झालंय?"

"छान."

"छान ही काय चव झाली? नीट सांग."

परवा मी म्हटलं, "डाळ जरा कच्ची राहिलीय."

"कच्ची म्हणजे? दाताला लागते की घशाला?"

माझी वाटी तर रिकामी झाली होती. "थांबा हं अक्का," म्हटलं आणि फोन तसाच कानाशी धरून सांबाराची आणखी एक वाटी मागितली.