उंबरठ्याबाहेरचा तवा

नोकरीसाठी बंगळुरूला निघालो. सिंदीच्या फलाटावर गाडी लागली, तेव्हा बाबांनी कागदात गुंडाळलेला लोखंडी तवा माझ्या पिशवीत कोंबला. "घरात नेजो नको, बाहेरच ठेवजो," एवढंच म्हणाले. आईने मान फिरवली.

आई माळकरी. आमच्याकडे मासोळी व्हायची ती अंगणात, तीन विटांच्या चुलीवर, बाबांचं दुकान बंद असेल त्या दिवशी. करायचे बाबा, तवा घासायचेही तेच. आई आलं-लसूण ठेचून दारात आणून ठेवायची, पण त्या दिवशी उंबरठा ओलांडायची नाही. यात भांडण नव्हतं. आमचा संसारच तसा चालायचा.

बंगळुरूत अंगण कुठून आणणार? बाल्कनीत छोटी शेगडी मांडली. ऑफिसातल्या मित्रांकडून सोया सॉस आणि तिळाचं तेल वापरायला शिकलो. मासा दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचा, सोबत गाजर आणि ब्रोकोली. सिंदीकरांनो, हसा खुशाल. तवा मात्र बाबांचाच, आणि बाहेरच.

मागल्या हिवाळ्यात बाबा गेले. एकट्या आईला इथे घेऊन आलो. तिने कायमचं राहावं म्हणून तवा माळ्यावर टाकला, शेगडी झाकून ठेवली. रोज वरण-भात, पोळी-भाजी. तरी तिचा जीव रमेना. मले सिंदीले पोचवून दे, हाच धोशा. शेवटी हरलो आणि तिकीट काढलं.

निघायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "तुह्या बाबाचा तवा कुठी हाये?"

मी माळ्याकडे बोट दाखवलं.

"माह्यासाठी काऊन लपवला? ते गेले, अन् तू चूलबी बंद केली. मले रोज वाटते, ते आजच गेले."

तवा काढला. आईने आत गाजरं चिरली, आलं-लसूण ठेचलं. सॉसमध्ये साखर घालतो म्हटल्यावर तिने गूळ काढून दिला. वाटी घेऊन ती बाल्कनीच्या सरकत्या दारापर्यंत आली आणि खालच्या पट्टीच्या आतच थांबली. वाटी तिथे ठेवून भिंतीला टेकून बसली. मी मासा उलटला, वास आत गेला. तिने पदर डोळ्यांना लावला. मलाही रडू आवरलं नाही.

"तिकीट वापस करून दे," ती म्हणाली.

मासोळी ती आजही खात नाही. गाव विचारलं तर मी सिंदीच सांगतो. घर मात्र आता हेच: ती दाराच्या आत, मी बाहेर, आणि मध्ये आल्या-लसणाची वाटी.