शेकोटीचा ताप

२०२१ सालच्या २६ जानेवारीच्या झेंडावंदनाआधीचा शनिवार, सकाळचे साडेदहा. जमा रक्कम दोन हजार पन्नास रुपये. हजर : शाळा समितीचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, सातवीच्या मॅडम आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारा पालक म्हणून मी. बाकी सदस्य उन्हाळी धानाच्या रोवणीत होते. त्यांनी आम्ही जे ठरवू ते मान्य असल्याचं फोनवर कळवलं.

आमचं गाव लाखनीपासून आत. जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. कोरोनामुळे बंद असलेले पाचवी ते सातवीचे वर्ग दहा महिन्यांनी पुढच्या बुधवारी उघडायचे होते. मी राइस मिलमध्ये हिशेब लिहितो, त्यामुळे गावात कसलीही वर्गणी झाली की पैसे माझ्याकडे येतात आणि नंतर संशयही माझ्यावरच येतो. म्हणून मी सगळं लिहून ठेवतो आणि इतरांनाही लिहायला लावतो.

त्या दिवशी मी नियम लिहायला लावला. अध्यक्षांचं म्हणणं साधं होतं. "ज्या पोराले ताप असन, त्याले घरी धाडा. झालं." मी म्हटलं, ताप म्हणजे किती? आणि फक्त पोरालाच का? गुरुजींना ताप असला तर? मग माझ्या आग्रहावरून असं लिहिलं गेलं : शाळेच्या आवारात येणाऱ्या कोणत्याही व्यक्तीचं तापमान नव्व्याण्णवच्या वर आढळलं तर तिला लगेच घरी पाठवावं, आणि ती व्यक्ती ज्या वर्गातली असेल तो वर्ग चौदा दिवस बंद ठेवावा. अध्यक्षांनी एक वाक्य जोडलं, "दुसऱ्यांदा मोजणी होणार नाही." त्यांचं कारण असं की पोट्टे हापशीवर डोकं भिजवून पुन्हा रांगेत येतील. मला ते पटलं. मॅडमनी सुंदर अक्षरात तो नियम लिहून दारावर चिकटवला.

संमतीपत्रं एकेचाळीस वाटली होती. बुधवारपर्यंत सही होऊन परत आलं एकच, माझं. लोक भेटत, चहा पाजत आणि म्हणत, "तुमची पोरगी जाऊ द्या जी पहिले. चार दिवस पाहू, मंग आमी पाठवू." जणू मी नवीन जातीचं बियाणं पेरून बघत होतो.

माझी मुलगी सातवीत होती. सातवी म्हणजे या शाळेतलं शेवटचं वर्ष, आणि त्या वर्षातला एकही दिवस तिनं वर्गात काढला नव्हता. आठवीला सायकलनं लाखनीला जावं लागणार होतं. घरी फोन एकच, तोही दिवसभर माझ्याबरोबर मिलमध्ये. संध्याकाळी ती तो घेऊन गच्चीवर चढायची आणि हात वर करून रेंज शोधायची. खालून बायको म्हणायची, "आता तिले अँटिनाच बनवून टाका." बुधवारी ती पहाटेच तयार झाली होती. माझा मास्क सापडेना, तेवढ्यात ती कोपऱ्यावरच्या शेकोटीजवळ जाऊन बसली. थंडी होतीच तशी.

शाळेच्या गेटला एकच दार. पण आत जायची वाट वेगळी आणि बाहेर यायची वेगळी असावी म्हणून मधोमध दोरी बांधली होती. मैदानात चुन्याची एकेचाळीस वर्तुळं, सहा-सहा फुटांवर. गेटबाहेर रस्त्यावरही दहा-बारा, गर्दी झाली तर असावीत म्हणून. गर्दी म्हणजे आम्ही. दोरीच्या डाव्या बाजूनं माझी मुलगी एकटी आत आली. तिच्यासाठी अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या आणि मुख्याध्यापकांनी तिच्या कपाळावर बंदूक धरली. तापमापकाला गावात सगळे बंदूकच म्हणत.

बंदुकीनं लाल दिवा लावला. एकशे एक पूर्णांक आठ.

अध्यक्ष टाळी अर्धी सोडून तीन वर्तुळं मागं गेले.

"बाबा, मले ताप नाही," मुलगी म्हणाली.

"मशीन सांगून राहिली ना, बेटा," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांचाही चेहरा पडला होता. बुधवारी किती विद्यार्थी आले याचा आकडा त्यांना दुपारपर्यंत वर कळवायचा होता. एकावरून शून्यावर जाण्याची त्यांची तयारी नव्हती.

मी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ कोमट होतं, मान गार होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं, "ही शेकोटीवर बसली होती. तोंड शेकलंय तिचं."

"मी काही नाही म्हणत नाही, भाऊ," अध्यक्ष लांबून म्हणाले, "पण नियम तुमचाच आहे. आज तुमची पोरगी शेकोटीवर बसली, उद्या दुसऱ्याची चुलीपाशी बसन. आमी कायचं कायचं मानाचं?"

हे बरोबर होतं. दुसऱ्याच्या मुलाबाबत मीही हेच म्हटलं असतं. मुलीनं दप्तर पाठीवरून काढून पोटाशी धरलं. त्या दिवशी सातवीचा वर्ग म्हणजे ती एकटी. ती घरी गेली की वर्ग चौदा दिवस बंद, आणि पहिल्याच दिवशी पहिल्याच मुलीला ताप निघाला असं ऐकल्यावर उरलेल्या चाळीस सह्या कोण करणार होतं?

म्हणून मी म्हटलं, सिद्ध करून दाखवतो. मुख्याध्यापकांनी आधी मला, अध्यक्षांना आणि स्वतःलाही बंदूक लावली. शहाण्णवच्या आसपास, तिघेही थंड. मग स्वयंपाकघरामागं तुराट्यांचा भारा पडला होता त्यातल्या काढून मैदानात जाळ केला. मी एकटाच शेकणार होतो. पण एका माणसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही, हे मीच म्हटलं. तेव्हा अध्यक्ष शेजारी बसले. आणि मुख्याध्यापकांना बंदूक सोडून यावं लागलं, कारण तिसरा माणूस नव्हता. मॅडम बसल्या नाहीत. "माझी साडी नायलॉनची आहे," म्हणाल्या, आणि बंदूक त्यांनी घेतली.

आम्ही तिघं जाळात तोंड घालून बसलो. तुराट्या धडाधडा पेटतात.

"लय होऊन राहिलं जी," अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले. "मिशी जळन माही."

"थोडं अजून. मुलगी बराच वेळ बसली होती."

"तिले मिशी कुठं आहे?"

मग मॅडमनी मोजलं. मी एकशे दोन. मुख्याध्यापक एकशे एक पूर्णांक सहा. अध्यक्ष एकशे तीन. अध्यक्ष आनंदानं उठले. "पाहा! होय का नाही? मी तर आंगानं ठणठणीत आहो! भाऊ, तुमची पोरगी सुटली!"

मॅडम दारावरच्या कागदाकडे बघत होत्या. त्या साकोलीहून रोज गाडीवर येत, मितभाषी होत्या. म्हणाल्या, "सर, मग तुम्ही तिघंही बाहेर जा."

"अवो मॅडम, हे तर आमी मुद्दाम शेकलं!"

"कोणतीही व्यक्ती, असं आहे. मुद्दाम की आपोआप, ते लिहिलेलं नाही. आणि दुसऱ्यांदा मोजणीही नाही."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे. त्यात पळवाट नव्हती. पळवाट राहू नये म्हणून तर मी शनिवारी दीड तास बसलो होतो.

तोडगा मुख्याध्यापकांनीच काढला : नियमात दुरुस्ती करायची. पण दुरुस्ती समितीच्या बैठकीत व्हायला हवी, आणि समिती तर तापात निघालेली, तिला आवारात थांबता येईना. त्यामुळे बैठक गेटबाहेर रस्त्यावर भरली. एकेक वर्तुळ घेऊन आम्ही बसलो, चौथ्यात मुलगी, दप्तर मांडीवर. मॅडम आतल्या बाजूनं गेटला टेकून लिहून घेत होत्या. रोवणीला निघालेल्या बाया थांबल्या. एकीनं विचारलं, "काहून बसले जी असे? शाळेनं हाकललं का?"

"मीटिंग आहे," अध्यक्ष म्हणाले.

"गोल-गोल आखून?"

"तुमी जा ना वो!"

दुरुस्ती अशी झाली : शेकोटी किंवा चुलीजवळून आलेल्या व्यक्तीला पंधरा मिनिटं बाहेर बसवून एकदाच पुन्हा मोजावं. एकमतानं मंजूर. पंधरा मिनिटं आम्ही तिथंच बसलो. अध्यक्षांनी एकदा मिशी चाचपली.

मग मॅडम बाहेर आल्या. मुलीला बंदूक लावली. सत्त्याण्णव. हिरवा दिवा. "जा आत," म्हणाल्या. मुलगी इतक्या जोरात उठली की तिची पाण्याची बाटली रस्त्यावर घरंगळली. ती उचलायला मी उठलो, तर मॅडमनी हात केला. "तुम्ही वर्तुळात थांबा." आमचे आकडे नव्व्याण्णव पूर्णांक चार, सहा आणि चार आले. मोठ्या माणसांची वर्तुळं रस्त्याच्या त्या बाजूला होती जिथं झाडाची सावली नव्हती, आणि एव्हाना ऊन चढलं होतं.

"उन्हाचंही लिहाले पाह्यजे होतं," अध्यक्ष हळूच म्हणाले.

दुसरी दुरुस्ती करायचा कोणालाही धीर झाला नाही. मुख्याध्यापकांनी किल्ल्या गेटवरून मॅडमकडे दिल्या आणि त्या दिवशीची शाळा त्यांच्यावर सोपवली.

आम्ही निघायच्या आधी मॅडमनी हजेरी घेतली. खिडक्या नियमानुसार उघड्या होत्या, सगळं ऐकू येत होतं. त्यांनी पूर्ण पटाची हजेरी घेतली, एकेका नावानंतर थांबून, जणू तो मुलगा बोलायचा विचार करत असावा. नाव, शांतता. नाव, शांतता. मग मुलीचं नाव आलं, आणि ती इतक्या मोठ्यानं "हजर मॅडम!" म्हणाली की रस्त्यावरच्या बाया हसल्या. मॅडमनी पुढची नावंही वाचली. अध्यक्षांनी मला विचारलं, "त्यातलं एक माह्या पोराचं होतं ना?" मी हो म्हटलं. त्यांनी संमतीपत्राचा कोरा कागद कुठं मिळेल असं विचारलं.

तेवढ्यात शाळेत खिचडी शिजवणारी मावशी आली. शाळा उघडली म्हणून ती स्वयंपाकघर झाडायला निघाली होती. मैदानातली राख तिनं गेटमधूनच पाहिली.

"माह्या तुराट्या कोणं जाळल्या?"

मी कारण सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. "म्हंजे पोरगीले ताप नाही, हे समजाले तीन मोठ्या माणसाइनं तोंड भाजलं? अन् लाकडं माही?"

तिनं भाऱ्याचे नव्वद रुपये सांगितले. वर्गणी सुरक्षिततेसाठी जमा झाली होती. तुराट्या सुरक्षिततेत बसतात असं अध्यक्षांचं मत, मला ते पटलं नाही. भारा पूर्ण जळला नव्हता, तेव्हा साठ ठरले. प्रत्येकी वीस रुपये आपापल्या खिशातून काढून, एकूण साठ रुपये रोख, गेटबाहेर मावशीला दिले.